तिसरं धुराडं

ब्रह्मपुरीच्या रद्दीवाल्याकडे मिळालं मला ते जहाज,
चार रुपये किलोच्या भावात.
नावाचं पान उंदरानं नेलेलं.
उरलं होतं मधलं चित्र, तीन घड्यांचं:
जहाज उभं चिरून दाखवलेलं, सीताफळासारखं,
नऊ मजले, आणि खोल्याखोल्यांत
तांदळाच्या दाण्याएवढी माणसं.

नऊ मजले. वडशात तेव्हा
तिसरा मजला फक्त राइस मिलला होता.

बोरकरशेठ म्हणाले, दुसरा अंक जहाजावर आहे, गहाणे,
पब्लिकचे पैसे फिटले पाहिजेत.
मग मी महिनाभर त्या चित्रातच राहायला गेलो.

जेवणाचा हॉल, वर काचेचा घुमट,
घुमटामागे दिवे लपवलेले,
म्हणजे जहाजाच्या पोटातही कायम सकाळचे अकरा.
वेताच्या खुर्च्यांची बाग, कुंड्यांत माड,
आणि पार खाली, फरशीचं एक टाकं, पोहायला.
शेजारची सत्यफुला कुडावरून डोकावली:
‘पान्यात जाऊन आनखी पानी कायले लागते जी त्याइले?’
मला उत्तर आलं नाही. निळा घोटत बसलो.

भिंती सगळ्या लाकडाच्या.
आमच्या गोदामामागे सरकारी सागवान उभा,
पण खऱ्याला पास लागतो, हातोड्याचा शिक्का लागतो.
म्हणून प्लायवर गेरू, गेरूवर काजळी,
आणि मोडक्या कंगव्यानं ओढलेल्या रेघा.
हात जरा थरथरला की गाठ उमटते.
सागवानाच्या मुलखात मी सागवान
कंगव्यानं पिकवला.

भिंगातून बघता बघता एकेक दिसत गेलं.
खुर्च्यांचे पाय जमिनीला स्क्रूनं आवळलेले.
टेबलाला बोटभर काठ, ताटं पळू नयेत म्हणून.
बोळात दोन्ही हातांना दांडी.
एवढी मखमल, एवढं पितळ,
आणि जो तो कशाला तरी धरून.

धुराडी तीन. चित्राखालचं बारीक इंग्रजी
खोब्रागडे सरांनी वाचून दिलं:
तिसऱ्यातून धूर निघत नाही, ते शोभेचं.
दोनावर जहाज गरीब दिसलं असतं.
मी ब्रश खाली ठेवला.
म्हणजे तिथंही होता कोणी आपला,
पोकळ डबा रंगवून वर उभा करणारा.

तळाच्या खोल्यांना छापणाऱ्यानं रंगच दिला नव्हता.
फळीवर फळी, फळीवर नंबर.
ते दाखवू नको, शेठ म्हणाले.
मी ते पडद्याच्या पाठीला काढलं,
जिथं आमचे नट तणसावर पाय मुडपून
आपापल्या प्रवेशापर्यंत झोपतात.

कोंढाळ्याचा शंकरपट. धान निघालेली बांधी. रात्रीचा एक.
जिन्याच्या सात पायऱ्या खऱ्या, पुढच्या रंगाच्या.
सातवीवर यामिनी रामटेके, हातात पेला,
आणि स्टेजचा डावा पाय
ओल्या मातीत चार बोटं गेला.

पेला घरंगळला.
सलाईनच्या नळ्यांचं झुंबर एका अंगाला आलं.
यामिनीनं दांडी धरली, मी ठोकलेली.
ऑर्गनवाल्याची बोटं तशीच राहिली.
आणि समोर बोऱ्यावर, धुऱ्यावर, मोहाच्या फांदीवर
बसलेली हजारभर माणसं,
इटियाडोहच्या कालव्यापलीकडे
मोठं पाणी न पाहिलेली,
सगळी हळूच
दुसऱ्या अंगाला कलली.

पहाटे दवात आम्ही जहाज उकललं.
सिंदेवाहीला रात्री पोचायचं होतं.
तिसरं धुराडं टेम्पोत काही मावेना,
चहावाल्या उद्धवनं मागितलं, देऊन टाकलं.
परतीच्या वाटेवर पाहिलं, त्याच्या चुलीवर बसवलेलं,
लाल पट्टा, काळी कड, धूर चांगला ओढत होतं.

बोरकरशेठनी त्याचे वीस रुपये
माझ्या हिशोबातून कापले.